दोन पाटांऐवजी पाळणा

नीळकंठरावांना फक्त दोन पाट हवे होते. ही गोष्ट पुढे कोणीच लक्षात ठेवली नाही, खुद्द त्यांच्या बायकोनेही नाही, म्हणून ती सुरुवातीलाच नोंदवून ठेवलेली बरी.

पाटांची निकड होती. खामगावचे मार्तंडराव रविवारी त्यांच्या मुलीला, प्रेमलेला, पाहायला येणार होते. चार वर्षांतले हे अकरावे स्थळ. आधीच्या दहांपैकी चौघांना मुलगी सावळी वाटली, तिघांना शिकलेली वाटली, दोघांशी पत्रिका जुळली नाही, आणि एक पाहुणे तर पोहे खाऊन मुलगी न पाहताच उठले, कारण त्यांची मोटार सुटत होती. मार्तंडरावांनी मात्र पत्रिका मागवण्याआधीच 'येतो' म्हणून कळवले. मुलगी एकुलती एक आहे ना, आणि सुलतानपूरच्या शेतात विहीर आहे ना, अशी आपुलकीची चौकशीही पत्रात होती. नीळकंठरावांचा ऊर भरून आला. मुलीच्या शेताची इतकी काळजी करणारा सासरा मुलीची किती करील!

तर घरातल्या दोन पाटांपैकी एक डुगडुगत होता आणि दुसऱ्याला मधोमध चीर होती. सातव्या स्थळाचे धोतर त्या चिरेत अडकले होते. ते स्थळ पत्रिकेमुळे मोडले असे सगळे म्हणत, पण रुख्मिणीबाईंचे मत धोतराच्या बाजूने होते.

"उद्याच्या उद्या नवे पाट आणा," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या त्या प्रदर्शनातनं आणा. एवढं ढोल वाजवून राह्यले गावभर, त्याचा घराला काही तरी उपयोग होऊ द्या."

प्रदर्शन नीळकंठरावांचेच होते म्हणायला हरकत नाही. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारला त्या साली ग्रामसुधारणेचा झटका आला होता, आणि सरकारला झटका आला की अंग हेडक्लार्काचे दुखते. नीळकंठराव मेहकरच्या तहशिलीत हेडक्लार्क. जिल्ह्याच्या साहेबांनी, म्हणजे डेप्युटी कमिशनर साहेबांनी, बुलढाण्याहून हुकूम सोडला की मेहकरला शेतकी व हस्तकौशल्य प्रदर्शन भरवावे. हुकूम तहशीलदारांनी वाचला, 'पाहून करणे' असा शेरा मारला आणि कागद नीळकंठरावांच्या टेबलावर येऊन पडला. त्यानंतर तो कुठेच गेला नाही.

नीळकंठरावांनी आधी नियम केले. मांडव मागाहून झाला. नियम एकूण एकोणीस होते आणि त्यांतला सातवा त्यांना पोटच्या पोरासारखा प्रिय होता: विकलेली कोणतीही वस्तू तीन प्रतींत फॉर्म भरल्याशिवाय फाटकाबाहेर जाणार नाही, आणि फॉर्मात 'खरेदीचा हेतू' हा रकाना कोरा राहणार नाही. रयत वस्तू कशाला घेते हे सरकारला कळले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. वस्तू आपण कशाला घेतो हे रयतेला तरी कुठे कळते, हा मुद्दा तेव्हा कोणी काढला नाही.

पाट घ्यायचे ठरल्याचे शेजारी कसे कळले कोण जाणे. शेजारी रंगराव, पेन्शनर सर्कल इन्स्पेक्टर. सकाळी दात घासत घासतच त्यांनी कुंपणावरून सल्ला दिला.

"आज घेऊ नका. प्रदर्शन उठायच्या दिवशी जा. सुतार वैतागलेला असतो, माल परत न्यायच्या जिवावर येतं. निम्म्यात देतो."

"प्रदर्शन बुधवारी उठतं. पाहुणे रविवारी येतात."

"मग पाहुण्यांना गुरुवारी बोलवा," रंगराव म्हणाले आणि गुळणा केला. पेन्शनर माणसाला सगळे वार सारखेच.

त्यांच्या मागून गोजरबाईंनी तोंड काढले. "भाऊजी, पाट न्हेमी जोडीनं घ्या. अन् एकाच झाडाचे घ्या. येगयेगळ्या झाडाचे असले का नवरा-बायकोचं पटत नाई."

"काहीतरीच काय वहिनी!"

"काहीतरीच काऊन? आमच्या लग्नातले येगयेगळ्या झाडाचे होते, म्हनूनच तं सांगून राह्यली!"

रंगरावांनी दुसरा गुळणा जरा जोरात केला.

शनिवारी नीळकंठराव काळा कोट, लाल पगडी आणि प्रदर्शनाच्या चिटणिसाचा फुलबिल्ला लावून नदीपलीकडच्या मैदानावर गेले. हाताने काम करणारी माणसे आपल्या जिल्ह्यात इतकी आहेत हे त्यांना ठाऊक होते, पण ते आकड्यांत. ती प्रत्यक्ष घोंगड्या झटकतात, मडक्यांवर टिचक्या मारतात आणि बिड्या ओढतात हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. प्रत्येक दुकानावर इंग्रजीत पाटी होती. वस्तू करणाऱ्याला ती वाचता येत नव्हती आणि घेणाऱ्यालाही. पण ज्यांच्यासाठी लावली ते साहेब दुपारी येणार होते.

कारभारी सुतार दुसरबीडचा. त्याच्या दुकानात सागाच्या घडवंच्या होत्या, लाटणी होती, एक पाट होता आणि मधोमध एक पाळणा टांगला होता. पाळणा कसला, देव्हाराच तो. कातीव गज, लाखेचा लाल-हिरवा रंग, चार कोपऱ्यांना चार राघू, आणि एवढा लांबरुंद की त्यात तहशिलीचा निम्मा स्टाफ झोपला असता. तसा तो टेबलाशी झोपतच होता म्हणा.

"पाट एकच आहे?"

"दुसरा करून राह्यलो जी. फळी तासली, आता रंधा मारतो. घटकाभर टेका."

"एकाच झाडाचे ना?" नीळकंठरावांच्या तोंडून निघून गेले.

कारभाऱ्याने रंधा थांबवून त्यांच्याकडे पाहिले. "एकाच फांदीचे म्हना ना जी."

समाधानाने नीळकंठराव टेकले. टेकायला दुसरे काही नव्हते म्हणून पाळण्याला टेकले, आणि हात रिकामा होता म्हणून त्याला हळूच एक झोका दिला. आयुष्याची वाट लागायला याहून मोठे कारण लागत नाही. कारण त्याच क्षणी साहेब दुकानात शिरले. मागे तहशीलदार, त्यांच्यामागे दोन पाटील, आणि त्यांच्यामागे बँड.

"ओ, हेडक्लार्क!" साहेब खूश झाले. "पालना लेता है?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नीळकंठरावांची सव्वीस वर्षे नोकरी झाली होती. साहेबाने प्रश्न विचारला की 'जी हुजूर' हे आधी म्हणायचे आणि प्रश्न काय होता त्याचा विचार मागाहून, सवडीने, घरी करायचा, या पद्धतीवर त्यांनी सहा साहेब पार पाडले होते.

"जी हुजूर," ते म्हणाले.

"घर में बाबा आया?"

"जी हुजूर."

"लडका या लडकी?"

"जी हुजूर."

"लडका! बहुत अच्छा!" साहेबांनी चक्क त्यांचा हात हातात घेऊन हलवला.

आता मात्र प्रश्न काय होता ते नीळकंठरावांच्या ध्यानात आले. त्यांनी तोंड उघडले. पण साहेबांच्या खांद्यामागून तहशीलदारांनी असे डोळे वटारले की तोंड होते तसेच मिटले. साहेब वळून पाटलांना सांगत होते: देखो, हमारा आदमी बंबई का माल नहीं लेता, गाँव के सुतार का माल लेता है. पाटलांनी माना डोलावल्या. बँडवाल्यांना काय झाले ते कळले नव्हते, पण काहीतरी झाले एवढे कळले, आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. तेवढ्यात साहेबांना देशी कारागिरी जवळून दाखवावी म्हणून तहशीलदारांनी तो एकुलता एक पाट उचलला. तो दाखवत दाखवत ते पुढच्या दुकानात गेले आणि पाट पुन्हा कोणाला दिसला नाही.

नीळकंठराव पाळण्याचा गज धरून उभे होते.

"कारभारी," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मला पाटच हवे होते रे."

"आता कायचा पाट जी! साहेबानं बँड लावून पाळना देल्ला तुमाले. हा नाई नेला तं तहशीलदार मले इथीच तासतीन." त्याने पाळणा खाली उतरवायला घेतला, आणि मधेच थांबला. "पन एक सांगतो. रिकामा पाळना मी कोनाले देत नाई."

"म्हणजे?"

"माह्या बापानं देल्ला नाई, आज्यानं देल्ला नाई. रिकामा पाळना घरात गेला का घर रिकामं राह्यते. आत लेकरू पायजे."

"अरे, घरात लेकरू नाही!"

"आत्ताच साहेबाले हो म्हनले ना तुमी?" कारभारी बुचकळ्यात पडला. मग त्याला दया आली. "असू द्या. लेकरू नसंन तं वरवंटा चालते. बारशाले ठेवतच असतेत आपल्यात."

समोर पाथरवटाचे दुकान होते. नीळकंठरावांनी वरवंटा घेतला. तोही काळा कुळकुळीत, जाडजूड, चार महिन्यांच्या पोराएवढा. कारभाऱ्याने त्यांच्याच खांद्यावरचे उपरणे काढून त्यात वरवंटा गुंडाळला, डोक्याकडची बाजू कुंचीसारखी दुमडली, आणि पाळण्यात असा अलगद निजवला की क्षणभर नीळकंठरावांनाच वाटले, उपरणे फार आवळले तर नाही?

फाटकावर त्यांचाच हाताखालचा क्लार्क इंद्रभान बसला होता. मोठा कर्तव्यदक्ष. कोरा रकाना पाहिला की त्याला ताप येत असे, आणि तो ताप त्याला नीळकंठरावांनीच लावला होता.

"पाळणा, नग एक," इंद्रभान लिहू लागला. "वरवंटा, नग एक. खरेदीचा हेतू?"

"घरगुती."

"सर, घरगुती लिहायचं नाही असं आपणच सर्क्युलर काढलं आहे. मोघम लिहिणाऱ्याचा माल अडवावा, असंही त्यात आहे. खाली आपली सही आहे."

मागे रांग लागली होती. एका बाईच्या डोक्यावर चार सुपे होती आणि त्यांचा हेतू सांगायला ती केव्हाची उतावीळ झाली होती. नीळकंठरावांनी विचार केला. 'साहेबांना नाही म्हणता आले नाही' हा हेतू खरा होता, पण तीन प्रतींत लिहिण्यासारखा नव्हता. आणि एक प्रत संध्याकाळी साहेबांपुढे जायची होती.

"लिही," ते म्हणाले. "बालकासाठी."

"आणि वरवंटा?"

"तोही बालकासाठीच."

इंद्रभानने तिन्ही प्रतींत ते वळणदार अक्षरात लिहिले. मग उठून उभा राहिला आणि गहिवरून म्हणाला, "सर, बोलला नाहीत कधी!"

पाळणा घरी न्यायला सुलतानपूरच्या पुंजाजीची बैलगाडी मिळाली. पुंजाजी नीळकंठरावांचे शेत बटाईने करी. तो दरवर्षी पीक बुडाल्याचे सांगत असे आणि दरवर्षी एक नवी गाय घेत असे. म्हणजे एकूण जाणता माणूस. नदी ओलांडून गाडी बाजारपेठेतून निघाली. बाजाराचा दिवस नसूनही सगळा बाजार रस्त्यावर होता.

"कोनाचं हो लेकरू?" भाजीवालीने विचारले.

"मालकाचं!" पुंजाजीने परस्पर सांगून टाकले.

"पुंजाजी, गप बस ना."

"काऊन मालक? लोक पुसून राह्यले तं सांगा नाई का? लपवाले काय चोरीचं हाय?"

"अरे, तो वरवंटा आहे!"

पुंजाजीने मागे वळून पाळण्यात पाहिले, मग मालकाकडे पाहिले, आणि ज्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे अशा माणसाशी बोलावे तसे गोडीने म्हणाला, "हाव मालक. वरवंटा तं वरवंटा. आपलं ते आपलं."

सराफाच्या कट्ट्यापाशी खड्ड्यात चाक गेले, पाळणा कलला, आणि नीळकंठरावांनी दोन्ही हातांनी झडप घालून वरवंटा छातीशी धरला. दगड पायावर पडला असता तर पाय मोडला असता, एवढाच त्यात हेतू होता. पण तीन प्रतींत लिहून दिला तरी बाजाराला तो पटला नसता. मारवाड्याच्या म्हातारीने तिथूनच बोटे मोडून दृष्ट काढली.

घरी गाडी थांबली तेव्हा रुख्मिणीबाई पाटांसाठी जागा झाडत होत्या.

"हे काय?"

"पाळणा."

"ते दिसतंय. पाट कुठे?"

"एकच होता, तो तहशीलदारांनी नेला."

रुख्मिणीबाईंनी केरसुणी खाली ठेवली. ती त्यांनी खाली ठेवली की प्रकरण गंभीर असते. "उद्या मुलीला पाहायला येताहेत. घरात बिनलग्नाची एकोणीस वर्षांची मुलगी. मी त्रेचाळीस वर्षांची. आणि तुम्ही पाळणा आणलात. आत काय आहे ते आता तुम्हीच सांगा, मला बघवत नाही."

"वरवंटा."

आतून प्रेमला आली, तिने उपरण्याची कुंची बाजूला करून पाहिले आणि पदर तोंडाशी धरून पुन्हा आत गेली. बराच वेळ माजघरातून भांडी पडल्यासारखा आवाज येत होता. ती हसत होती.

पाळणा लपवायचा असे एकमताने ठरले. पण बैठकीतून माजघरात जाणारे दार होते दीड हाताचे आणि पाळणा अडीच हातांचा. आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, एक राघू मोडून पाहिला. रंगराव मदतीला आले आणि दार काढावे म्हणाले. दार काढले. चौकटही काढावी म्हणाले. तेव्हा त्यांना चहा देऊन घरी पाठवण्यात आले. अंगणात ठेवावा तर रस्त्यावरून दिसणार. शेवटी बैठकीतल्या तुळईच्या कड्यांनाच तो टांगला आणि वर चादर टाकली. चादर टाकल्यावर तो आधीपेक्षा जास्तच पाळणा दिसू लागला, आणि आत जास्तच कोणीतरी आहेसे वाटू लागले. वरवंटा काढून टाकू या, असे नीळकंठराव म्हणाले. पण रिकाम्या पाळण्याचे कारभाऱ्याचे म्हणणे त्यांनी चुकून बायकोला सांगितले होते, आणि मुलीच्या पाहण्याच्या आदल्या दिवशी घर रिकामे राहण्याची जोखीम रुख्मिणीबाई घेणार नव्हत्या.

दिवेलागणीच्या आत गोजरबाई आल्या. पदराखाली ओवा, शेपा आणि डिंक.

"माय व रुख्मिणी! कळू बी देल्लं नाई! म्या म्हनत होतीच, ही हल्ली अशी ओढल्यासारखी काऊन दिसून राह्यली."

"वहिनी, अहो तसं काही नाही. तो वरवंटा आहे."

"असंच म्हनाव बाई. दृष्ट लागत नाई." त्यांनी पाळण्यापाशी जाऊन आवाज बारीक केला. "कसा गपचूप निजला हाय! आमचा रात्रभर रडे. धुरी घे रोज. अन् ह्या वयात लय उठू-बसू नको."

रविवारी मार्तंडराव आणि त्यांच्या पत्नी झुंबरबाई आले. मुलगा आला नव्हता. मुलाने मुलगी पाहायची पद्धत त्यांच्यात नव्हती. ते काम जाणत्यांचे. मार्तंडराव खामगावला एका वकिलाचे मुनशी होते. बारीक डोळे, बारीक मिशा, आणि कोणत्याही वस्तूकडे ती कोणाच्या नावावर आहे अशा नजरेने पाहण्याची सवय. डुगडुगत्या पाटावर मार्तंडराव बसले, झुंबरबाई सतरंजीवर. चीर असलेला पाट नीळकंठरावांनी स्वतः घेतला. तेवढा त्याग मुलीच्या बापाला करावाच लागतो.

बसता बसता मार्तंडरावांचे लक्ष पाळण्याकडे गेले आणि त्यांनी एकदम आवाज खाली आणला. चांगल्या घरातला माणूस. झोपलेल्या मुलाशेजारी मोठ्याने बोलू नये हे त्याला कळते. नीळकंठराव खुलासा करणार होते, पण पाहुणा कुजबुजत असताना यजमानाने ओरडणे बरे दिसेना, म्हणून तेही कुजबुजले. मग झुंबरबाई कुजबुजल्या. प्रेमला पोहे घेऊन आली तीही चवड्यांवर चालत. मुलगी पाहण्याचा सोहळा असा चालला होता की कोणी चोरून ऐकले असते तर इथे दरोड्याचा बेत होतो आहे असे वाटले असते.

"सुलतानपूरची जमीन काळी की मुरमाड?" मार्तंडरावांनी प्रेमलेला विचारले.

"काळी," प्रेमला म्हणाली.

"विहिरीला उन्हाळ्यात पाणी?"

"असतं."

"छान. सुस्वभावी आहे," मार्तंडराव बायकोला कुजबुजले.

नाव काय, शिक्षण किती, काय येते, हे विचारायचे राहूनच गेले. नीळकंठरावांना ते जाणवले, पण त्यांनी मनाची समजूत घातली. अकराव्या स्थळाला ती घालता येते.

"लग्न माघात धरू," मार्तंडराव म्हणाले. "एकदा पक्कं झालं की शेताचा कागद..." आणि मग अगदी सहज, पाळण्याकडे बोट करून: "हे कोणाचं? शेजाऱ्यांचं का?"

नीळकंठरावांनी खुलाशासाठी घसा खाकरला. आणि दारात निवृत्ती चपराशी उभा राहिला. तहशिलीचा चपराशी, लाल पट्टा, पितळी बिल्ला, आणि कोर्टात पुकारा करून करून कमावलेला आवाज.

"नीळकंठराव सायेब हाजिर हायत काय? साहेबांचं पत्र हाय जी, रेस्ट हाऊसातून! अन् मडमेनं बाळासाठी टोपडं धाडलं!"

झुंबरबाई दचकल्या. पाळण्यातले बाळ मात्र शांत होते. मार्तंडरावांनी हात पुढे करून पत्र घेतले. इंग्रजी कागद दिसला की मुनशाचा हात आपोआप पुढे होतो. त्यांनी ते मनात वाचले, मग मराठीत मोठ्याने.

"'प्रदर्शनाच्या फॉर्मांवरून समजले... आपल्या घरी पुत्र झाल्याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन... चिरंजीवास उदंड आयुष्य...' खाली साहेबांची सही." त्यांनी कागद घडी केला. कुजबुज संपली होती. "नीळकंठराव, आपण पत्रात लिहिलं होतं, मुलगी एकुलती एक."

"आहेच."

"आणि हा?"

"तो... त्याचं असं आहे..."

"त्याचं कसं आहे ते मला कायद्यानं ठाऊक आहे. मुलगा नसेल तर मुलगी. मुलगा असेल तर मुलगी कशाला?" मार्तंडराव हे इतके सरळपणाने म्हणाले की त्यात काही वाईट आहे हे त्यांच्या गावीही नसावे. "बत्तीस एकर काळी, बारमाही विहीर. मी काय सावळ्या मुलीसाठी खामगावहून मोटारीचं भाडं खर्चून आलो?"

माजघराच्या दारात रुख्मिणीबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. डोळ्यांनी त्या नवऱ्याला सांगत होत्या: चादर ओढा. एक चादर ओढली की वरवंटा दिसेल, सगळे हसतील, माघात लग्न होईल, चार वर्षांची वणवण संपेल.

मार्तंडराव थोडे निवळले. वकिलाच्या मुनशाला पुराव्याशिवाय निकाल करवत नाही. "पाहा, गैरसमज असेल तर मी अजून बसलो आहे. सरकारी कागदही चुकतो कधी कधी. ती चादर काढून दाखवा. आत मूल नसेल तर आत्ता कुंकू लावून जातो. मुलीत काय, आहे ते चालवून घेऊ."

नीळकंठराव उठले. उठताना धोतर चिरेत अडकले ते त्यांनी फाटू दिले. पाळण्यापाशी जाऊन त्यांनी चादरीचे टोक धरले. प्रेमला पोह्यांची ताटली हातात घेऊन उभी होती. ती खाली बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काही मागणेही नव्हते. चार वर्षांत तिने मागायचे सोडूनच दिले होते.

नीळकंठरावांनी पुढे रंगरावांना सांगितले, की चपराशासमक्ष साहेबांचा कागद खोटा पाडणे नोकरीच्या नियमात बसले नसते. असेलही. पण त्या वेळी त्यांनी निवृत्तीकडे पाहिलेसुद्धा नव्हते. त्यांनी चादरीचे टोक नीट खोचले, पाळण्याला एक झोका दिला आणि मार्तंडरावांकडे वळून ओठांवर बोट ठेवले.

"हळू बोला," ते म्हणाले. "आत्ताच झोपलाय."

मार्तंडरावांनी पोहे अर्धे टाकले. झुंबरबाईंनी टाकले नाहीत, त्यांनी उरलेले घाईने संपवले, जाता जाता पाळण्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटे मोडली, आणि दारात रुख्मिणीबाईंना हळूच म्हणाल्या, "नशीबवान हो तुम्ही. असा खंबीर नवरा मिळाला. मुलगाही बापाच्याच वळणावर जावो." मोटारतळाकडे जाताना मार्तंडराव पुढे होते आणि त्या बऱ्याच मागे.

रुख्मिणीबाईंनी ट्रे खाली ठेवला. आता केरसुणी येणार या तयारीने नीळकंठराव उभे राहिले. रुख्मिणीबाईंनी चहाचे दोन कप उचलले. एक नवऱ्याच्या हातात दिला आणि एक स्वतः घेऊन त्या डुगडुगत्या पाटावर बसल्या. पाहुण्यांचा चहा त्या पहिल्यांदाच पीत होत्या.

"आता बाराव्याला काय सांगणार?" त्या म्हणाल्या.

"मुलीला भाऊ आहे म्हणून सांगू," नीळकंठराव म्हणाले. "त्यानंतरही जो येईल तो येईल."

निवृत्ती चपराशी अजून दारातच होता. त्याला जबाब न्यायचा होता. टोपडे त्याने पाळण्याच्या मोडक्या राघूवर अडकवले होते.

"सायेब, मडम पुसतीन," तो म्हणाला. "लेकरू दिसाले कसं हाय? कोनावर गेलं? काय सांगू जी?"

नीळकंठरावांनी सवयीने तोंड उघडले, पण उत्तर प्रेमलेने दिले. पोह्यांची ताटली तिने खाली ठेवली होती आणि पाळण्याची दोरी हातात घेतली होती.

"सांगा, हूं की चूं करत नाही. बाबांवर गेलाय," ती म्हणाली. "कालपर्यंतच्या."

निवृत्तीला त्यातले काही कळले नाही. पण निरोप शब्दाला शब्द पोचवायचा असतो, म्हणून तो तेवढे शब्द घोकत घोकत रेस्ट हाऊसच्या वाटेला लागला.